अर्निकाचा वाफा : श्वार्त्सवाल्डमधल्या तीन हंगामांच्या नोंदी

जागा: दक्षिण श्वार्त्सवाल्ड (ब्लॅक फॉरेस्ट), जर्मनी. उंची सुमारे ९०० मीटर, दक्षिणेकडे उतरती जमीन, खाली ग्नाइस खडक. भाड्याच्या बागेतला १० चौरस मीटरचा वाफा. रोपे वाढवायची जागा खाली ऱ्हाइनच्या खोऱ्यात.
पीक: अर्निका मोंटाना, डोंगराळ कुरणांतली पिवळ्या फुलांची औषधी वनस्पती.
काम: बियाण्यापासून फुले, फुलांपासून टिंक्चर (अल्कोहोलमधला अर्क), तेल आणि मलम. शिवाय इथल्या डोंगराळ भागातले जुने वापर तपासून लिहून ठेवणे.

मराठी घरांत अर्निका म्हणजे होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या किंवा केसांच्या तेलाची बाटली. मूळ झाड सहसा कुणी पाहिलेले नसते. त्यामुळे तेल आणि टिंक्चर वापरतानाही गोळ्यांइतकीच बेफिकिरी दिसते, आणि ती महागात पडते. म्हणून या नोंदी मराठीत.

१८ फेब्रुवारी २०२३

बियाणे आले: २ ग्रॅम, ‘आर्बो’ या लागवडीच्या वाणाचे. रानातली रोपे उपटून आणण्याचा विचारही करायचा नाही. जर्मनीत अर्निका संरक्षित आहे, आणि युरोपीय संघाच्या १९९२च्या अधिवास निर्देशातही पाचव्या परिशिष्टात तिचे नाव आहे. रानातून आणलेले झाड बागेत क्वचितच जगते, तेव्हा कायदा बाजूला ठेवला तरी त्यात हशील नाही.

१ ग्रॅममध्ये साधारण ७०० ते ८०० बिया बसतात. भिंगाखाली पाहून नखाने दाबून पाहिल्या. भरलेली बी कडक आणि गडद, पोकळ बी फिकट आणि दाबताच चपटी होणारी. ५० पैकी ११ पोकळ निघाल्या. ताजे बी घेणे फार महत्त्वाचे. अर्निकाचे बी दोन वर्षांत बरेचसे मरते, त्यामुळे पाकिटावर काढणीचे वर्ष नसेल तर ते घेऊ नये.

५ मार्च २०२३

पेरणी. माती: रोडोडेन्ड्रॉनसाठी मिळते ती आम्ल माती २ भाग, धुतलेली क्वार्ट्झ वाळू १ भाग. सामू (पीएच) ५ च्या आसपास. बांधकामाची वाळू चालत नाही, तिच्यात चुन्याचे कण असतात. खात्री नसेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. फसफसली तर ती वाळू बाद.

बी मातीवर पसरून फळीने हलके दाबले. वर जेमतेम १ मिलिमीटर वाळू भुरभुरली. अर्निकाला उगवायला उजेड लागतो. मेथी-कोथिंबिरीसारखी मातीआड केली तर उगवण निम्म्यावर येते. ट्रे खालून पाणी पिईल असा परातीत ठेवला. तापमान १८ ते २० अंश.

तीन ट्रे पावसाच्या पाण्यावर. चौथा मुद्दाम नळाच्या पाण्यावर, कारण खोऱ्यातले पाणी चुनखडीचे आहे आणि फरक डोळ्यांनी पाहायचा आहे.

२ एप्रिल २०२३

पहिले कोंब १२ व्या दिवशी दिसले. उगवण एकदम होत नाही, तीन आठवडे चालू राहते. म्हणून ट्रे लवकर रिकामा करू नये.

दोन अडचणी. पहिली, दुसऱ्या ट्रेच्या एका कोपऱ्यात रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली. तिथे काचेचे झाकण दिवसभर बंद राहिले होते आणि हवा कोंडली होती. झाकण काढले, वरची वाळू कोरडी होऊ दिली, कोलमडलेली रोपे मातीसकट काढून टाकली. बाकीची वाचली.

दुसरी अडचण अपेक्षितच होती. नळाच्या पाण्यावरच्या ट्रेमध्ये पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्याकडे शेतकरी याला केवडा पडणे म्हणतात. कारणही तेच: चुन्यामुळे सामू वाढतो आणि मातीत असलेले लोह मुळांना घेता येत नाही. खत घालून हे सुटत नाही. ट्रे पावसाच्या पाण्यावर घेतला. नवी पाने हिरवी आली, जुनी पिवळीच राहिली.

खत: शून्य. रोपे हळू वाढतात आणि हात शिवशिवतो, पण द्यायचे नाही.

१४ मे २०२३

वाफ्याची मशागत. इथेच सगळ्यात जास्त मेहनत गेली. आधीच्या भाडेकरूने अनेक वर्षे कंपोस्ट घातले होते. माती काळीभोर, भुसभुशीत, भाजीवाल्याला मोह पडेल अशी. सामू ५.९. अर्निकाला हे जेवण जड जाते. तिचे मूळ घर म्हणजे डोंगरावरची नापीक, आम्ल गवताळ कुरणे, जिथे नार्डस नावाचे राठ गवत वाढते. सुपीक जमिनीत अर्निका मरते ती अन्न जास्त झाले म्हणून नव्हे. नत्र मिळताच शेजारचे गवत आणि क्लोव्हर (तीन पानांचे द्विदल तण) तिच्यावरून वाढतात आणि जमिनीलगत पसरलेल्या तिच्या पानांना ऊन मिळत नाही. युरोपभर ती कमी झाली त्यामागे खुडणीपेक्षा कुरणांवर टाकलेले खत आणि चुना, सोडून दिलेली चराई आणि त्या जागी लावलेली स्प्रूसची झाडे यांचा वाटा मोठा आहे.

उपाय सरळ पण कष्टाचा: वरची १५ सेंटिमीटर माती पूर्ण काढून भाजीच्या वाफ्यात टाकली. म्हणजे दीड घनमीटर माती घमेल्याने वाहिली. खालच्या लालसर, खडेरी मातीत ३०० किलो ग्रॅनाइटची बारीक कच मिसळली. कच घेतानाही तीच व्हिनेगरची परीक्षा. आता सामू ५.२. राख, कंपोस्ट, शेणखत, हाडांचा चुरा यांतले काहीही नाही.

मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना इथे ‘बर्फाचे संत’ म्हणतात. या दिवसांपर्यंत रात्रीचे हिव पडू शकते. लावणी त्यानंतर.

२० मे २०२३

१०० रोपे लावली. ओळींत ४० सेंटिमीटर, रोपांत २५. पानांच्या झुबक्याचा मध्य मातीच्या किंचित वर राहायला हवा. तो गाडला गेला की पाणी साचून कुजतो. अर्निकाचे जमिनीखालचे खोड आडवे सरकते आणि दरवर्षी थोडे पुढे जाऊन नवा झुबका काढते, म्हणून जागा मोकळी सोडली.

३ जून २०२३

एका पावसाळी रात्रीत १७ रोपे गेली. पाने देठापर्यंत खाल्लेली आणि मातीवर चकचकीत पट्टे. बिनशंखाच्या तपकिरी गोगलगाई.

हा केवळ बागेतला उपद्रव नाही. हार्त्स पर्वतात झालेल्या आणि १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अर्निका खालच्या उंचीवर टिकत नाही याचे एक मोठे कारण गोगलगाई आहेत. खाली त्या जास्त असतात आणि अर्निकाची पाने त्यांना फार आवडतात. वर थंडीमुळे त्या कमी, म्हणून झाड तिथे तग धरते. ‘डोंगराची हवा मानवते’ या समजुतीच्या पोटात हे कारणही आहे.

काय चालले, काय नाही: अंड्यांच्या कवचांचा चुरा पावसात निकामी होतो, शिवाय तो चुनाच. लाकडाचा भुसा दोन दिवस. वाफ्याभोवती वरून बाहेर वळवलेला पत्र्याचा कठडा, १० सेंटिमीटर जमिनीत आणि १५ वर, हा खरा उपाय. आत अडकलेल्या गोगलगाईंसाठी ओली फळी पालथी ठेवायची आणि सकाळी उलटून वेचायच्या. सोबत गोगलगाईंसाठीच्या आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या विरळ टाकल्या. पाणी सकाळीच द्यायचे. संध्याकाळी दिलेले पाणी म्हणजे त्यांना आमंत्रण.

राखीव रोपांतून १७ जागा भरल्या.

ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२३

पंधरा दिवसांनी खुरपणी. पांढरे क्लोव्हर दिसताक्षणी मुळासकट काढायचे, कारण ते स्वतःच नत्र साठवते. कापलेल्या गवताचे आच्छादन घालायचे नाही. पहिल्या वर्षी फुले नाहीत, फक्त जमिनीवर चिकटलेली पाने, आणि तसेच असायला हवे. नोव्हेंबरात पाने वाळली.

१० मार्च २०२४

गोठण्या-वितळण्याने ९ रोपे मातीतून वर उचलली गेली होती. बोटांनी दाबून बसवली. ४ कुजली. ती वाफ्याच्या खालच्या कडेची, जिथे बर्फाचे पाणी साचले. तिथे उताराच्या दिशेने चर काढला.

११ मे २०२४

देठ वर येऊ लागले. ओळख पक्की करण्याची ही योग्य वेळ, कारण फूल आल्यावर सगळी पिवळी फुले सारखी वाटतात. अर्निकाच्या देठावरची पाने समोरासमोर जोडीने येतात, एक किंवा दोनच जोड्या. तिच्यासारख्या दिसणाऱ्या डोरोनिकम आणि बुफ्थाल्मम यांची पाने एकाआड एक येतात. बुफ्थाल्मम तर चुनखडीच्या जमिनीवर आनंदाने वाढतो, म्हणजे जमिनीवरूनही अंदाज बांधता येतो. अर्निकाचे देठ केसाळ आणि किंचित चिकट असतात. पान चुरगळले की उग्र सुगंध. फूल ६ ते ८ सेंटिमीटर, केशरीकडे झुकणारे पिवळे, कडेच्या पाकळ्या विस्कटलेल्या आणि टोकाला तीन दाते. वाऱ्याने केस पिंजारल्यासारखे हे फूल एकदा नीट पाहिले की विसरत नाही.

२२ जून २०२४

खुडणी. दव पूर्ण वाळल्यावर, सकाळी ११ नंतर. पूर्ण उमललेली, मधली फुले अजून टवटवीत असलेली तेवढीच घेतली. मध्यभाग तपकिरी होऊ लागला की उशीर झाला. दोन बोटांच्या बेचक्यात देठ धरून फूल वर ओढायचे, देठ झाडावर राहू द्यायचा. एक तृतीयांश फुले बी आणि कीटकांसाठी सोडली.

वजन: २९० फुले, ३०५ ग्रॅम ताजी.

२० फुले उभी चिरून पाहिली. तिघांच्या तळाशी पांढरी अळी. ही टेफ्रिटिस अर्निकी नावाच्या माशीची अळी, अर्निकाच्या फुलातच वाढणारी. जुन्या फार्माकोपियांत (औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथांत) फुलाचा तळ काढून फक्त सुट्या पाकळ्या आणि मधली फुले घ्यावीत असे सांगितले जाई, ते याच अळीमुळे. उमलल्याबरोबर खुडले तर अळी लहान असते. फुले पांढऱ्या कापडावर दोन तास पसरून ठेवली, त्यात बऱ्याच बाहेर आल्या.

हातमोजे घालूनच काम. नुसत्या हाताने शेकडो फुले खुडली की बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू शकते.

२४ जून २०२४

आज इथे संत योहानिसचा दिवस. अर्निकाच्या जुन्या वापरांची नोंद याच तारखेला शोभते.

जर्मन भाषेत तिला ‘फालक्राउट’ असेही म्हणतात. ‘फाल’ म्हणजे पडणे. पडल्या-झडल्यावर लावायची वनस्पती. आपल्याकडे ज्याला मुका मार म्हणतात, म्हणजे कातडी फाटलेली नाही पण आत रक्त साकळून काळे-निळे झाले आहे, त्यावरचे हे औषध. आल्प्सच्या शेतघरांत फुले भरलेली बाटली फळांच्या दारूत बुडवून खिडकीत ठेवत. माणसांच्या मुरगळीलाही ती आणि गाई-घोड्यांच्या लचकेलाही तीच.

योहानिसच्या सुमारास शेताच्या कडांना अर्निकाचे झुबके खोचत. ‘बिल्विस’ नावाचे भूत पिकातून वाटा कापत जाते, ते यामुळे येत नाही अशी समजूत. वादळ येऊ लागले की वाळलेले झुबके चुलीत जाळून धूर करत. १५ ऑगस्टला कॅथलिक गावांत चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेल्या जाणाऱ्या जुडीतही ती असे. फ्रान्सच्या बाजूला, व्होज पर्वतात, वाळलेली पाने तंबाखूसारखी ओढत आणि तपकिरीसारखी हुंगत.

पोटातूनही देत. जर्मन कवी गटेच्या १८२३च्या आजारपणात त्याला अर्निकाचा काढा दिला गेला होता. वोरिसहोफेनचे पाद्री सेबास्टियान क्नाइप यांनी तर एकोणिसाव्या शतकात तिची तोंडभरून स्तुती केली आणि जखमांवरही वापरायला सांगितली. या दोन वापरांबाबत परंपरेचा मान राखूनही स्पष्ट लिहायला हवे: पोटातून घेणे आणि उघड्या जखमेवर लावणे आज चूक मानले जाते, आणि त्याला कारण आहे. ते ऑगस्टच्या नोंदीत.

२६ जून २०२४

सुकवणी. इथे एक प्रयोग आपोआप घडला, कारण यंत्रात सगळी फुले मावली नाहीत.

पहिला भाग (२२० ग्रॅम): सुकवणी यंत्रात ४० अंशांवर, जाळीवर एकच थर, ३० तास. रंग टिकला.
दुसरा भाग (८५ ग्रॅम): पोटमाळ्यावर कापडावर पसरून. पाऊस लागला, हवा दमट. दुसऱ्या दिवशी फुले फुगली आणि चौथ्या दिवशी सगळी म्हातारी होऊन बसली.

खुडल्यावरही फूल मरत नाही. सावकाश सुकताना तळातले बी पिकायचे काम चालूच ठेवते आणि बीला लागलेली म्हातारी, म्हणजे उडायचे केस, फुलून बाहेर येते. मग हाती पिवळी फुले नाहीत, करड्या केसांचा पुंजका राहतो. म्हणून पहिल्या दिवशीच वेगाने पाणी काढायला हवे. पण ४५ अंशांच्या वर न्यायचे नाही, सुगंधी तेल उडते. रुमेनियातल्या अपुसेनी पर्वतात, जिथे कुरणांवर अजून मोठ्या प्रमाणात खुडणी होते, तिथेही सुकवणी शेडमध्ये उष्णता देऊनच करतात.

सुकल्याची खूण: फुलाचा तळ वाकत नाही, तुटतो. पाकळ्या आधीच कुरकुरीत होतात, त्यांवर भरवसा ठेवला तर डब्यात बुरशी येते.

एकूण वाळलेली फुले ५८ ग्रॅम, म्हणजे सव्वापाचाला एक. फुले हाताळताना नाकावर मास्क. म्हातारीचे केस घशात गेले तर तासभर खोकला थांबत नाही.

३० जून २०२४

तुलनेसाठी बाजारातून ‘अर्निका फुले’ म्हणून ५० ग्रॅमचे पाकीट मागवले होते. ती अर्निका मोंटाना नाही. फुले जेमतेम दीड सेंटिमीटर, तळाची हिरवी खवले कौलांसारखी अनेक थरांत. मोंटानात ती एक-दोन ओळींतच, लांबट, केसाळ आणि टोकाला जांभळट असतात. ही हेटरोथेका इनुलॉइडिस, म्हणजे ‘मेक्सिकन अर्निका’. मेक्सिकोत तिचाही मुका मारावर जुना वापर आहे आणि तिथे तिला तिचा मान आहे, पण रसायने वेगळी आहेत. युरोपियन फार्माकोपियात पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीने (अर्कातली द्रव्ये वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीने) रुटिन नावाचे द्रव्य दिसते का हे तपासतात. दिसले तर माल मेक्सिकन अर्निकाचा किंवा कॅलेंड्युलाची भेसळ असलेला. घरी ही चाचणी होत नाही, पण भिंग आणि तळाची खवले पुरेशी आहेत. अट एकच: फूल अखंड विकत घ्यावे, चुरा घेऊ नये.

६ जुलै २०२४

टिंक्चर. प्रमाण १ : १०, वजनावर. ३० ग्रॅम वाळलेली फुले, ३०० ग्रॅम ७० टक्के अल्कोहोल.

२४८ मिली ९६ टक्के अल्कोहोल घेऊन डिस्टिल्ड पाणी घालत ३४० मिलीच्या खुणेपर्यंत नेले. मिश्रण गरम होते आणि थंड झाल्यावर आकसते, म्हणून तासाभराने पुन्हा खुणेपर्यंत भरले. वजन ३०१ ग्रॅम.

घरगुती पद्धतीत ३८-४० टक्क्यांची दारू वापरतात. तिच्यात अर्क उतरतो, पण अर्निकातली मुख्य द्रव्ये, हेलेनॅलिन आणि डायहायड्रोहेलेनॅलिनचे एस्टर, पाण्यात फारशी विरघळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बाटली वेगळ्या ताकदीची होते. त्यातही ताजी फुले घातली तर फुलांतल्या पाण्याने अल्कोहोल आणखी उतरते. (ही द्रव्ये ज्या गटातली तो गट म्हणजे सेस्क्विटर्पिन लॅक्टोन. फार्माकोपियाची अट: वाळलेल्या फुलांत ती निदान ०.४० टक्के.)

काचेची रुंद तोंडाची बरणी, अंधारात, रोज हलवायची. फुले वर तरंगतात. कोरडी टोके बाहेर राहू नयेत म्हणून पहिल्या दिवशी दोनदा दाबली.

७ जुलै २०२४

तेल. दोन बरण्या.

अ: २५ ग्रॅम वाळलेली फुले, २५० मिली ओलेइक आम्ल जास्त असलेले सूर्यफूल तेल. आधी फुलांवर १५ मिली ९६ टक्के अल्कोहोल शिंपडून झाकण लावून रात्रभर मुरवली. अल्कोहोल पेशींतले द्रव्य सोडवते, नंतर ते तेलात जाते. मग बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ४५ ते ५० अंशांवर रोज ४ तास, दोन दिवस, झाकण सैल. अल्कोहोल उडून जायला हवे. जवळ ज्योत नको.

ब: बागेत नंतर उमललेली ४० ग्रॅम ताजी फुले, तेवढेच तेल, खिडकीत उन्हात. पुस्तकांत हीच पद्धत सांगतात.

१४ जुलै २०२४

‘ब’वर बुरशी. तेल गढूळ, तळाशी पाण्याचा थर, वास आंबूस. ताज्या फुलात चार पंचमांश पाणी. ते तेलाखाली साचते आणि वर तरंगणाऱ्या फुलांना हवा मिळते. भरीला उन्हाने तेल खवट होते. फेकले. तेल करायचे तर वाळलेलीच फुले घ्यावीत.

‘अ’ गाळले. आधी मलमल, पिळून, मग कॉफीच्या कागदातून. म्हातारीच्या केसांनी कागद तीनदा बुजला. घाई न करता रात्रभर ठिबकू दिले. हाती २०५ मिली, सोनेरी. बाकीचे तेल फुलांनी धरले. गडद बाटली, तारीख, फ्रीज. मुदत एक वर्ष.

२० जुलै २०२४

टिंक्चर १४ दिवसांनी गाळले. २८५ मिली, पिवळसर तपकिरी. दोन दिवस थंडीत ठेवल्यावर तळाशी गाळ बसला, पुन्हा गाळले. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत: ‘फक्त बाहेरून. पाणी घालूनच.’

३ ऑगस्ट २०२४

मलम, १०० ग्रॅमचा घाणा: अर्निका तेल १५ ग्रॅम, साधे सूर्यफूल तेल ७२ ग्रॅम, मधमाशीचे मेण १३ ग्रॅम.

अर्निका तेल १५ टक्क्यांच्या वर नको, वनौषधी तपासणाऱ्या जर्मन समितीने, कमिशन ई ने, मलमासाठी दिलेली मर्यादा तीच आहे. ‘घरचे आहे म्हणून जास्त’ हा हिशेब इथे उलटा बसतो.

साधे तेल आणि मेण ६८ अंशांवर वितळवले. पहिल्या घाण्यात फ्रीजमधले थंड अर्निका तेल तसेच ओतले, त्याबरोबर मेणाच्या गुठळ्या झाल्या. पुन्हा गरम करून सुधारले. दुसऱ्या घाण्यात तेल आधी खोलीच्या तापमानाला आणले आणि मिश्रण ५५ अंशांवर उतरल्यावर घातले. गुळगुळीत झाले.

१० ऑगस्ट २०२४

वापराचे नियम. हे पान ज्यांना डबी देऊ त्यांनाही द्यायचे.

ओली पट्टी: टिंक्चर १ भाग, थंड पाणी ३ ते १० भाग. सुरुवात १० भागांपासून. २० ते ३० मिनिटे ठेवून काढायची. वर प्लास्टिक गुंडाळून रात्रभर ठेवू नये. न पातळ केलेले टिंक्चर कोंडले की फोड येतात.

कशावर: मुका मार, मुरगळ, एकाच जागचे स्नायूंचे दुखणे. युरोपियन औषध संस्थेने परंपरागत वापर म्हणून नोंदवलेली व्याप्तीही एवढीच आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना नको. हाताच्या बोटांच्या संधिवातावर २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०४ रुग्णांवर २१ दिवस अर्निका जेल आणि ५ टक्के आयब्युप्रोफेन जेल यांची तुलना झाली आणि अर्निका कमी पडली नाही.

कशावर नाही: फाटलेली कातडी, ओरखडा, डोळ्यांजवळ, ओठ. पोटात तर कधीच नाही. फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधनाने १९९८मध्ये दाखवले की हेलेनॅलिन हे दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पाबी या प्रथिनसमूहातल्या पी६५ या घटकाला थेट चिकटते आणि त्याचे काम थांबवते. हेच चिकटणे सूज उतरवते, आणि पोटात गेल्यावर आतड्याची आग, उलट्या, हृदयाच्या ठोक्यांची गडबड यांच्या मुळाशीही तेच रसायन आहे.

मराठी वाचकांसाठी तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात.

एक, एकदांडी. बांधावरची एकदांडी, कुणी दगडी पाला म्हणतात, तिचा पाला चोळून ताज्या कापल्यावर रस पिळायची सवय गावोगाव आहे. तीही अर्निकाच्याच कुळातली. म्हणून हात आपोआप अर्निकाचे तेलही जखमेवर लावायला जातो. तसे करू नये. अर्निकाची जागा आंबेहळदीच्या लेपाची आहे: मुका मार, अखंड कातडी.

दोन, गाजर गवत. हे सर्वांत महत्त्वाचे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेल्या या तणाने महाराष्ट्रात असंख्य लोकांना त्वचेचा दाह दिला आहे. त्याचे कारण पार्थेनिन. पार्थेनिन आणि हेलेनॅलिन एकाच रासायनिक घरातले सेस्क्विटर्पिन लॅक्टोन आहेत. ज्याला गाजर गवताने, शेवंतीने किंवा झेंडूने खाज सुटते, त्याने अर्निका लावू नये. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर मलम लावून ४८ तास वाट पाहावी. ही ॲलर्जी उशिरा उमटते, एका तासात काही झाले नाही म्हणजे निभावले असे नाही.

तीन, गोळ्या. अर्निका ३० मध्ये मूळ अर्क शंभरपट असा तीस वेळा पातळ केलेला असतो. त्यात झाडाचा रेणू उरण्याची शक्यता नसते, म्हणून त्या खाऊन विषबाधा होत नाही. ‘गोळ्या तर मुले खातात, मग टिंक्चरला काय होते’ हा तर्क त्यामुळेच जीवावर बेतू शकतो.

१२ सप्टेंबर २०२४

बी गोळा केले. गर्दीतल्या झाडांचे बी भरलेले. कडेला एकट्या पडलेल्या, उशिरा फुललेल्या तीन झाडांचे जवळजवळ सगळे पोकळ. अर्निका स्वतःच्या परागाने बहुधा बी धरत नाही, आणि एकाच खोडातून पसरलेले झुबके म्हणजे एकच झाड. कुरणातली संख्या घटली की फुले दिसत राहतात पण बी येत नाही, ते याच कारणाने.

सहा मोठे गड्डे विभागले. प्रत्येक तुकड्याला एक झुबका आणि ४ सेंटिमीटर मूळ.

१७ मे २०२५

सामू ५.१. ९६ पैकी ८८ झाडे जिवंत. विभागलेल्या १४ तुकड्यांपैकी ११ लागले. जुन्या गड्ड्यांचा मध्य विरळ होऊ लागला आहे, नवे झुबके कडेला सरकले आहेत. ओळी आता ओळी राहिलेल्या नाहीत.

२९ जून २०२५

व्होजमधल्या मार्कश्टाइनच्या कुरणांची पाहणी, उंची सुमारे १,२०० मीटर. इथल्या अर्निकासाठी २००७मध्ये गावे, शेतकरी, निसर्ग उद्यान आणि खुडणी करणारे यांच्यात करार झाला. गाभा आमच्या वाफ्यासारखाच: चुना नाही, खत नाही, गवताची कापणी उशिरा. रस्त्याकडेच्या हिरव्यागार पट्ट्यात एकही अर्निका नव्हती. दहा पावलांवर, जिथे गवत घोट्याएवढे आणि राठ, तिथे पिवळी फुले.

५ जुलै २०२५

या वर्षीची खुडणी: ५१२ फुले, ५४० ग्रॅम ताजी. सगळी यंत्रात, दोन पाळ्यांत. पोटमाळा नाही. वाळलेली १०४ ग्रॅम.

बाकी कामे: खालच्या कडेचा चर आणखी १० सेंटिमीटर खोल. पत्र्याच्या कठड्याचा ईशान्य कोपरा सुटला आहे, तो पावसाआधी बसवायचा. वाफ्याच्या वरच्या टोकाला क्लोव्हर पुन्हा आले आहे. मागच्या वर्षीचे तेल वास घेऊन तपासायचे, खवट असेल तर फेकायचे.